अजगर जेवत नाही तेव्हा

मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिका-इंग्लंडला सहा महिने राहायला जायचं, तर तिथल्या घरात कुत्रा, मांजर, फार तर ससा असेल अशी आपल्या मनाची तयारी असते. पण नातवाच्या खोलीत काचेची पेटी, पेटीवर दिवा आणि आत वेटोळं घालून बसलेलं अजगराचं पिल्लू दिसलं, की पहिले चार दिवस त्या खोलीकडे पाऊल वळत नाही. पाचव्या दिवशी कानावर येतं, "आजी, तो तीन आठवडे जेवलाच नाहीये गं!" आणि भीती एकदम मागे पडते. उपाशी पोर, मग ते कुणाचंही असो, तुम्हा-आम्हाला बघवतं थोडंच?

आपल्याकडे हा प्रसंग यायचा नाही. नाग, धामण किंवा आपल्या रानातला अजगर पकडून घरी ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. तिकडे मात्र बॉल पायथन हा छोटा आफ्रिकी अजगर हौसेनं पाळतात. तो बिनविषारी, स्वभावानं गरीब आणि लांबीला तीन ते पाच फूट असतो. घाबरला की डोकं मध्ये घालून चेंडूसारखा गोळा होतो, म्हणून हे नाव. इंग्लंडात त्यालाच रॉयल पायथन म्हणतात. घाना, टोगो, बेनिन हे त्याचे मूळ मुलूख. बेनिनमधल्या उइदा गावी तर या सापांचं देऊळ आहे. आपण नागोबाला मानतो, तसं ते याला मानतात.

आणि सगळ्या पाळीव सापांत जेवणाच्या बाबतीत हाच सगळ्यात रुसका, बरं का!

तेव्हा आधी घाबरणं थांबवा. आपण दोन वेळा जेवतो ते अंग गरम ठेवण्यासाठी. सापाला ती ऊब बाहेरून मिळते, म्हणून त्याचं फार थोडक्यात भागतं. पिल्लाला आठवड्यातून एकदा आणि मोठ्याला दोन-तीन आठवड्यांतून एकदा जेवण पुरतं. पूर्ण वाढलेला निरोगी साप काही महिने न खाता राहू शकतो. नर तर विणीच्या हंगामात हटकून अन्न नाकारतात. कात टाकायच्या आधीही तसंच. डोळ्यांवर दुधाची साय धरल्यासारखी दिसली, की कात पडेपर्यंत जेवणाचं नाव काढू नका. नव्या घरी आलेल्या सापालाही पहिला आठवडा अजिबात हात लावू नये. सासरी आलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी आग्रह केला तर घास उतरतो का?

यातलं काहीच नसेल, तर दोष बहुधा सापात नसतो, त्याच्या घरात असतो. पेटीचं एक टोक ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, म्हणजे तिकडच्या मापात ८८ ते ९२ फॅरनहाइट, इतकं उबदार हवं; दुसरं टोक २५ ते २७ अंशांचं. ऊब कमी पडली तर पोटातलं अन्न पचत नाही, कुजतं, आणि साप ते ओकून टाकतो. त्यापेक्षा न खाल्लेलं बरं, हे त्याचं त्याला कळतं. तापमान मात्र काचेला चिकटवलेल्या शोभेच्या तबकडीवर बघू नका. साप जिथं अंग टेकतो तिथं थर्मामीटर ठेवून बघा. हवेतला दमटपणाही साठ टक्क्यांच्या आसपास हवा.

दुसरी गोष्ट लपायच्या जागेची. रानात हा प्राणी दिवसभर वारुळात नाहीतर उंदरांच्या बिळात असतो. त्याला चारी बाजूंनी उघड्या काचेच्या महालात ठेवलं की तो भेदरतो, आणि भेदरलेला साप खात नाही. दोन्ही टोकांना एकेक अंधारी डबी ठेवायला सांगा. ती अंगाला भिंती लागतील इतकी अडचणीची असावी. पेटीच्या तीन बाजूंना कागद लावायला तर पैसाही पडत नाही. पुष्कळदा एवढ्यानंच रुसवा जातो.

आता ताटात काय वाढायचं! सांगायला थोडं किळसवाणं आहे, पण ते टाळता यायचं नाही. तिकडे दुकानात गोठवलेले मेलेले उंदीर मिळतात. सापाचं अंग जिथं सगळ्यात जाड, तेवढ्याच जाडीचा उंदीर घ्यावा. आदल्या रात्री तो फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, वेगळ्या झाकणाच्या डब्यात काढून ठेवावा. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गरम पाण्यात बुडवावा, जिवंत उंदराच्या अंगाइतका कोमट होईपर्यंत. मायक्रोवेव्हमध्ये मुळीच नाही, आणि स्वयंपाकाच्या भांड्यात तर नाहीच नाही! या अजगराच्या ओठांवर बारीक खळगे असतात आणि त्यांनी त्याला ऊब कळते. गारढोण उंदीर त्याला अन्नच वाटत नाही. म्हणून कोरडा करून, डोक्याकडून जरा जास्त गरम करून, तिन्हीसांजेनंतर दिवे मंद करून लांब चिमट्यानं पुढे धरावा आणि हळूच हलवावा. नाकाला टोचू नये. पंधरा मिनिटांत घेतला नाही, तर डबीच्या तोंडाशी ठेवून दार लावून निघून यावं. सकाळी तसाच असेल तर फेकून द्यावा.

आणि पुढचा आठवडाभर विचारू नये. इथंच आपला जीव राहत नाही. रोज ताट पुढे सरकवत राहिलं की साप आणखीच आक्रसतो.

साप जिथून आणला, तिथं तो काय खात होता हे नातवाला जरूर विचारायला सांगा. लहान उंदरांवर वाढलेल्या सापाला मोठ्या जातीचा उंदीर ओळखूच येत नाही. मग लहान उंदराच्या अंथरुणातला भुसा त्याला चोळून वास लावतात. कोंबडीच्या पिल्लाची पिसं चोळण्याची युक्तीही काहींना लागू पडते, आणि त्यात नवल नाही: नायजेरियातल्या रानात १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत छोटे नर मुख्यतः पक्ष्यांवर जगतात असं दिसलं होतं. जिवंत उंदीर मात्र आत सोडू नका. साप जेवायच्या मनात नसला, तर उंदीरच त्याला कुरतडतो.

तोंड उघडून भरवणं तर नकोच. त्यानं जबड्याला जखमा होतात, साप धास्तावतो आणि खाल्लेलं ओकतो. ते काम सापाच्या डॉक्टरांचं. (दुधाचं म्हणाल, तर साप दूध पितच नाही. नागपंचमीला गारुड्याचा नाग पितो तो तहानेनं व्याकूळ झालेला असतो म्हणून, आणि ते दूध त्याला बाधतं.)

काळजी कधी करायची हे काटा सांगतो. दर आठवड्याला वजन करा. दहावा हिस्सा घटला, पाठीचा कणा वर दिसू लागला, श्वासाला घरघर आली, नाकाशी बुडबुडे दिसले, तर थांबू नका. कुत्र्यामांजरांचा प्रत्येक डॉक्टर साप बघतोच असं नाही, म्हणून पत्ता आधीच शोधून ठेवलेला बरा. पिल्लू असेल तर जास्तच घाई करा. त्याच्याजवळ साठा कमी असतो.

सापाला किंवा उंदराला हात लागला की साबणानं धुवायचे, कारण दोघांवाटे साल्मोनेला जंतू पसरतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती साप देऊच नये.

आणि एके रात्री चिमट्यातला उंदीर झटक्यात नाहीसा झाला, तर आनंदानं त्याला उचलून घेऊ नका. दोन दिवस हात लावायचा नाही, नाहीतर खाल्लेलं बाहेर येतं. उपासाची भरपाई म्हणून लगेच दुसरा उंदीरही द्यायचा नाही. पुढचा आठवड्यानं, आणि तोही थोडा लहानच. नातवाला म्हणावं, आजची तारीख कॅलेंडरवर लिही आणि आता झोप.