त्रिपिटक देवनागरीत आणणारे भिक्खू प्राध्यापक

तुम्हाला मराठी वाचता येते, म्हणजे पाली भाषेतले बुद्धवचनही तुम्ही अक्षरे लावून वाचू शकता. सगळा अर्थ लगेच कळणार नाही, पण चित्त, दान, लोभ, मोह असे शब्द चटकन ओळखू येतील. मात्र १९५० पर्यंत ही सोय फारच अपुरी होती. बुद्धांनी उपदेश केला तो भारतात, पण संपूर्ण पाली त्रिपिटक वाचायचे तर सिंहली, बर्मी, थाई किंवा रोमन लिपीकडे वळावे लागे. पुण्या-मुंबईच्या अभ्यासकांनी काही ग्रंथ देवनागरीत छापले होते, पण पूर्ण संच नव्हता. ही उणीव भिक्खू जगदीश काश्यप यांनी भरून काढली.

काशी ते श्रीलंका

काश्यपजींचा जन्म १९०८ साली रांचीचा. बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी तत्त्वज्ञान आणि संस्कृतचा अभ्यास केला. बुद्धांचे विचार मूळ भाषेतून समजून घ्यायचे होते, म्हणून ते श्रीलंकेला गेले. तिथल्या विद्यालंकार परिवेणात पाली शिकले आणि भिक्खू झाले. राहुल सांकृत्यायन यांच्यासोबत त्यांनी दीघनिकायाचा हिंदी अनुवाद केला. पुढे ज्या विद्यापीठात ते शिकले, तिथेच चीवर घालून पाली शिकवू लागले. विद्यार्थ्यांना हिंदीतून पाली शिकता यावी म्हणून त्यांनी 'पालि महाव्याकरण' लिहिले.

नीती कुठून सुरू होते?

अभिधम्म हा त्यांचा आवडीचा विषय. त्यात मनाचे बारकाईने विश्लेषण आहे. एखादे कृत्य चांगले की वाईट, हे त्यामागच्या चित्तावरून ठरते, असे अभिधम्म सांगतो. लोभ, द्वेष आणि मोह ही अकुशल कर्माची मुळे, तर अलोभ, अद्वेष आणि अमोह ही कुशल कर्माची. आता स्वतःलाच विचारून पाहा: मदत करतानाचा फोटो आपण स्टेटसला ठेवतो, तेव्हा मनात नेमके काय असते? अडीच हजार वर्षांच्या परंपरेतला हा प्रश्न आजही तितकाच टोकदार आहे.

एक शिष्य, महाराष्ट्रापर्यंत

१९४९ मध्ये संघरक्षित नावाचा तरुण इंग्रज श्रामणेर काश्यपजींकडे राहून पाली, अभिधम्म आणि तर्कशास्त्र शिकला. १९५६ च्या डिसेंबरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे महापरिनिर्वाण झाले, तेव्हा संघरक्षित नागपुरात होते. शोकाकुल नवदीक्षितांसमोर त्यांनी सभांमागून सभा घेतल्या. पुढे महाराष्ट्रातील बौद्ध समाजाशी त्यांचे नाते कायम राहिले.

नालंदा आणि ४१ खंड

१९५१ मध्ये प्राचीन नालंदाच्या अवशेषांजवळ पाली अध्ययनाची संस्था उभी राहू लागली. तिची कोनशिला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी बसवली, तर काश्यपजी तिचे संस्थापक-संचालक झाले. हेच आजचे नव नालंदा महाविहार. राजगीरचे नालंदा विद्यापीठ वेगळे, तेव्हा तिकडे गेलात तर गल्लत करू नका.

बुद्धांच्या महापरिनिर्वाणाला २५०० वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने त्रिपिटकाच्या देवनागरी आवृत्तीचे काम सुरू झाले. काश्यपजी प्रधान संपादक होते. १९५६ ते १९६१ या काळात ४१ खंड छापून झाले.

काश्यपजींचे १९७६ मध्ये राजगीरला निधन झाले. ग्रंथालयात यातला एखादा खंड दिसला, तर उघडून पाहा. पहिल्या ओळीपासून वाचता येईल.