नऊ व्होल्टचा धडा

ओहमचा नियम दहावीपर्यंत प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. परीक्षेत त्यावरचे गणितही सोडवतो. तरीही ओल्या हाताने बटण दाबतो, मिक्सरची तुटकी वायर चिकटपट्टीने जोडतो. नियम वहीत राहतो, हातापर्यंत येत नाही. तो हातापर्यंत आणायचा सोपा मार्ग म्हणजे विद्यार्थ्यांना स्वतःच्या हाताने छोटे सर्किट जोडू देणे.

२०१६ पासून देशभर सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये सहावी ते बारावीच्या मुलांना अशी संधी मिळते. पण त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागतेच असे नाही. नऊ व्होल्टची बॅटरी, ब्रेडबोर्ड, लाल एलईडी, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, ४७० ओहम व १० हजार ओहमचा एकेक रोधक आणि थोड्या तारा एवढे पुरते.

आधी फक्त एलईडी पेटवावा. लाल एलईडी सुमारे २ व्होल्ट घेतो. उरलेले ७ व्होल्ट ४७० ओहमवर पडतात, म्हणजे प्रवाह साधारण १५ मिलिअँपिअर. रोधक न लावता एलईडी थेट बॅटरीला जोडला, तर तो क्षणात जळू शकतो. रोधक कशासाठी, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

आता ट्रान्झिस्टर घ्यावा. बॅटरीच्या धन टोकापासून ४७० ओहम, एलईडी आणि ट्रान्झिस्टरचा कलेक्टर अशी रांग लावावी. एमीटर ऋण टोकाला जोडावा. बेसला १० हजार ओहम जोडून त्यातून एक उघडी तार बाहेर काढावी, दुसरी उघडी तार धन टोकापासून घ्यावी. दोन्ही तारा एकाच बोटाखाली धरल्या की एलईडी मंद पेटतो. बोट ओले करून धरले की लख्ख पेटतो. बोटातून जाणारा प्रवाह इतका कमी असतो की तो जाणवतही नाही. ट्रान्झिस्टर त्याला शंभराहून अधिक पटींनी वाढवतो.

प्रयोगाचे खरे मोल इथे आहे. कोरड्या त्वचेचा रोध एक लाख ओहम किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. त्वचा भिजली की शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास येतो. घरातल्या २३० व्होल्टला हजार ओहमने भागले की २३० मिलिअँपिअर येतात. छातीतून १०० मिलिअँपिअर गेले तरी हृदयाची लय बिघडून ते थांबू शकते. कोरडा हातही भरवशाचा नाही, कारण मोठ्या दाबाखाली त्वचेचा रोध टिकत नाही. घरातल्या गळतीरोधक स्विचवर ३० मिलिअँपिअर का लिहिलेले असते, हेही मग मुलांच्या लक्षात येते.

शिकवताना काही पथ्ये मात्र पाळावीत. सर्किट फक्त बॅटरीवर चालवावे. भिंतीतला प्लग आणि मोबाईलचा चार्जर दोन्ही वर्ज्य. नऊ व्होल्टची बॅटरी किल्ल्या किंवा नाण्यांसोबत खिशात ठेवू नये, ती तापून भाजू शकते. बटणासारखे चपटे सेल लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नयेत. असा सेल गिळल्यास अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. उलटी करवत बसू नये, तडक रुग्णालय गाठावे.

सोल्डरिंग मोठ्या मुलांनीच, शिक्षकांसमोर करावे. खिडक्या उघड्या असाव्यात, कारण त्या धुराने दम्याचा त्रास वाढतो. शक्यतो शिसेविरहित सोल्डर वापरावे आणि काम संपल्यावर साबणाने हात धुऊन मगच डबा उघडावा. चटका बसल्यास तो भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, हळद, तूप काही लावू नये.

शेवटचा धडा सर्किटाबाहेरचा आहे. कुणाला विजेचा धक्का बसून तो तारेला चिकटला, तर आधी मेन स्विच बंद करायचा, त्याआधी त्याला हात लावायचा नाही. नंतर श्वास थांबलेला दिसला तर १०८ ला फोन करून लगेच छातीवर दाब देणे सुरू करायचे. ओल्या बोटाने एलईडी लख्ख पेटलेला ज्या मुलाने पाहिला आहे, त्याला यातले कारण समजावून सांगावे लागत नाही. घरी जाऊन ते इतरांना तोच सांगतो.