फ्लोरेन्समधील ऐतिहासिक पदभ्रमण मार्ग

फ्लोरेन्स (इटालियन नाव: फिरेंझे) हे इटलीच्या तोस्काना प्रांताच्या राजधानीचे शहर आर्नो नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेले आहे. परंपरेनुसार इ.स.पू. ५९ मध्ये स्थापन झालेल्या 'फ्लोरेन्तिया' या रोमन वसाहतीतून ते वाढले. पंधराव्या शतकातील प्रबोधनकाळाचे ते प्रमुख केंद्र होते. १८६५ पासून सुमारे सहा वर्षे ते एकीकृत इटलीच्या राज्याची राजधानीही होते. शहराचा ऐतिहासिक गाभा १९८२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट करण्यात आला.

हा गाभा आकाराने लहान आहे. मुख्य रेल्वे स्थानकापासून नदीपलीकडील सान मिनियातोच्या टेकडीपर्यंतचा या लेखात वर्णिलेला मार्ग साधारण पाच किलोमीटरचा आहे. मार्गदर्शकाविना तो एका दिवसात पायी पुरा करता येतो. मात्र संग्रहालये आतून पाहायची असल्यास दोन-तीन दिवस लागतात.

== मार्गाविषयी ==

शहरात प्रथमच येणाऱ्याची फसगत होते ती घरांच्या क्रमांकांमुळे. येथे एकाच रस्त्यावर क्रमांकांच्या दोन स्वतंत्र मालिका चालतात. निवासी इमारतींचे क्रमांक काळे किंवा निळे, तर दुकाने व उपाहारगृहांचे तांबडे असतात. त्यामुळे तांबडा ३० क्रमांक काळ्या ३० पासून बराच दूर असू शकतो. पत्ता लिहिताना तांबड्या क्रमांकापुढे त्या रंगाच्या इटालियन नावाचे आद्याक्षर जोडतात.

जुन्या वाड्यांच्या भिंतींत दाराशेजारी हातभर उंचीचे कमानदार झरोके दिसतात. सरदार घराणी आपल्या मळ्यांतील द्राक्षमद्य या झरोक्यांतून थेट गिऱ्हाइकाला विकत. सतराव्या शतकातील प्लेगच्या साथीत परस्परांना स्पर्श न करता व्यवहार करण्यासाठी त्यांचा उपयोग झाला. २०२० च्या महासाथीत त्यांपैकी काही पुन्हा उघडण्यात आले.

चर्चमध्ये प्रवेश करताना खांदे व गुडघे झाकलेले असावे लागतात. उफ्फिझी व आकादेमिया ही संग्रहालये सोमवारी बंद असतात. कॅथेड्रलच्या घुमटावर चढण्यासाठी वेळ आगाऊ राखून ठेवावी लागते.

== सान्ता मारिया नोव्हेला ==

रेल्वे स्थानकाची सपाट, आडवी दगडी इमारत जोव्हान्नी मिकेलुच्ची व त्याच्या सहकाऱ्यांनी उभारली. १९३५ साली खुली झालेली ही वास्तू आधुनिक इटालियन वास्तुकलेचा महत्त्वाचा नमुना मानली जाते. घाईत असलेले प्रवासी तिच्याकडे सहसा वळूनही पाहत नाहीत. तिच्यासमोरच डोमिनिकन संघाचे सान्ता मारिया नोव्हेला हे चर्च आहे. त्याच्या दर्शनी भागाचा खालचा भाग मध्ययुगीन आहे. वरचा भाग लिओन बात्तिस्ता आल्बेर्तीने रचला. खालची गॉथिक घडण न मोडता वर अभिजात रोमन प्रमाणबद्धता आणणे हे त्याच्यापुढचे आव्हान होते. १४७० हे साल आणि खर्च करणाऱ्या रुचेल्लाई या व्यापाऱ्याचे नाव शिरोभागी ठळक अक्षरांत कोरलेले आहे.

आत डाव्या भिंतीवर मासाच्चोचे 'पवित्र त्रिमूर्ती' हे भित्तिचित्र (सुमारे १४२७) आहे. सपाट भिंतीत खोल दालन असल्याचा भास निर्माण करणारे, गणिती यथार्थदर्शनावर आधारलेले हे आरंभीचे चित्र होय. सोळाव्या शतकात जोर्जो व्हाझारीने या जागी नवी वेदी उभारली. त्याने चित्र खरवडून काढले नाही, वेदीमागे झाकून ठेवले. एकोणिसाव्या शतकात वेदी हलवल्यावर ते पुन्हा उजेडात आले.

== कॅथेड्रल चौक ==

सात-आठशे मीटर चालल्यावर रस्ता एकाएकी पांढऱ्या, हिरव्या व गुलाबी संगमरवराच्या चौकात उघडतो. येथे बाप्तिस्मागृह, कॅथेड्रल आणि घंटामनोरा या तीन वास्तू आहेत.

अष्टकोनी बाप्तिस्मागृह तिन्हींत जुने असून दान्ते या कवीचा बाप्तिस्मा येथेच झाला. त्याचा दक्षिण दरवाजा आन्द्रेआ पिसानोचा (१३३०–१३३६) आहे. दुसऱ्या दरवाजासाठी १४०१ साली स्पर्धा घेण्यात आली. लोरेन्झो गिबेर्ती व फिलिप्पो ब्रुनेलेस्की यांनी तीत सादर केलेले कांस्यफलक आजही बार्जेल्लो संग्रहालयात शेजारी-शेजारी पाहता येतात. काम गिबेर्तीला मिळाले. त्यानंतर पूर्वेच्या दरवाजावर त्याने १४२५ ते १४५२ अशी सत्तावीस वर्षे घालवली. हाच पुढे 'स्वर्गद्वार' म्हणून प्रसिद्ध झाला. चौकात ज्याच्यापुढे गर्दी छायाचित्रे घेते तो दरवाजा मात्र प्रतिकृती आहे. १९६६ च्या पुरात मूळ दरवाजाचे फलक निखळले. दीर्घ संवर्धनानंतर २०१२ मध्ये तो कॅथेड्रलच्या मागील संग्रहालयात ठेवण्यात आला. वेळ थोडा असेल तर चौकात रेंगाळण्यापेक्षा त्या संग्रहालयात जाणे अधिक फलदायी ठरते.

कॅथेड्रलचे बांधकाम आर्नोल्फो दी कांबियोच्या आराखड्यानुसार १२९६ साली सुरू झाले. पुढील शतकात आराखडा वाढत गेला आणि अखेर सुमारे ४५ मीटर रुंदीचे अष्टकोनी तोंड आकाशाकडे उघडे राहिले. ते झाकायचे कसे, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. नेहमीच्या पद्धतीत कमान पुरी होईपर्यंत तिला खालून लाकडी साच्याचा आधार देतात. परंतु एवढ्या उंचीवर एवढा प्रचंड साचा उभारणे अव्यवहार्य होते. ब्रुनेलेस्कीने १४२० पासून सोळा वर्षांत तो घुमट साच्याविना बांधला.

त्याने एकात एक असे दोन घुमट रचले. बाहेरचा घुमट पावसापासून रक्षण करतो व उंचीची शोभा वाढवतो. आतला जाड असून मुख्य भार पेलतो. भिंती आत झुकू लागल्यावर ओल्या चुन्यावरील विटा घसरून पडण्याचा धोका होता. म्हणून आडव्या विटांच्या थरांत ठरावीक अंतरावर उभ्या विटा बसवून माशाच्या काट्यासारखी वीण साधली. प्रत्येक उभी वीट आपल्या शेजारच्या आडव्या विटांना चुना घट्ट होईपर्यंत अडकवून धरी. घुमटाचा तळ बाहेर फाकू नये म्हणून दगड व लाकडाच्या साखळ्या, पिंपाला पट्ट्या आवळाव्यात तशा, भिंतींत गाडल्या. साहित्य वर नेण्यासाठी त्याने बैलांनी फिरवायचे यंत्र बनवले. बैलांना उलट न फिरवता ओझे वर-खाली करण्याची सोय त्यात होती. बैल जुंपणे-सोडणे यात किती वेळ जातो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

२५ मार्च १४३६ रोजी पोप चौथा युजीन याच्या हस्ते कॅथेड्रलचे पवित्रीकरण झाले. शिखरावरील तांब्याचा सोनेरी गोल आन्द्रेआ देल व्हेर्रोक्कियोच्या कारखान्यातून १४७१ मध्ये चढवण्यात आला. त्या वेळी तरुण लिओनार्दो दा विंची याच कारखान्यात शिकत होता. घुमटाच्या ४६३ पायऱ्या दोन कवचांमधील चिंचोळ्या जागेतून जातात. चढताना विटांची ती वीण हाताच्या अंतरावर दिसते.

कॅथेड्रलचा दर्शनी भाग पाहून तो घुमटाइतकाच जुना असावा असे वाटते, पण तसे नाही. आर्नोल्फोचा अपुरा दर्शनी भाग १५८७ मध्ये उतरवण्यात आला. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षे तेथे उघडी भिंत होती. आजची नक्षी एमिलिओ दे फाब्रिसच्या आराखड्याची असून १८८७ मध्ये पुरी झाली. शेजारचा सुमारे ८५ मीटर उंचीचा घंटामनोरा जोत्तोच्या नावाने ओळखला जातो. मात्र १३३४ मध्ये काम हाती घेतल्यानंतर तीनच वर्षांत जोत्तो वारला. उर्वरित मनोरा आन्द्रेआ पिसानो व फ्रान्चेस्को तालेन्ती यांनी बांधला.

== ओर्सान्मिकेले आणि जुना बाजार ==

चौकातून दक्षिणेकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओर्सान्मिकेले ही चौकोनी इमारत लागते. मूळची ही धान्यपेठ. तिचे पुढे चर्च झाले आणि वरच्या मजल्यांवर धान्यकोठारे राहिली. बाहेरील कोनाड्यांत शहरातील व्यावसायिक श्रेणींनी आपापल्या संरक्षक संतांचे पुतळे बसवले. मूळ पुतळे आत हलवले असून कोनाड्यांत प्रतिकृती आहेत. दोनातेल्लोचा चिलखत बनवणाऱ्यांसाठी घडवलेला संत जॉर्ज बार्जेल्लोत आहे.

पश्चिमेस रिपब्लिक चौक आहे. रोमन वसाहतीचा मध्यवर्ती चौक येथेच होता आणि मध्ययुगात येथे बाजार भरे. १८८५ नंतरच्या दशकात नगरसुधारणेच्या नावाखाली जुना बाजार, त्यालगतची ज्यू वस्ती, मनोरे व लहान चर्चे जमीनदोस्त करण्यात आली. त्या जागी उभारलेल्या मोठ्या कमानीवर १८९५ हे साल आहे आणि शतकानुशतकांच्या मलिनतेतून या जागेला नवजीवन दिल्याची प्रौढीही कोरलेली आहे. पाडलेल्या वस्तीतील रहिवाशांविषयी ती कमान काही सांगत नाही.

== सिन्योरिया चौक ==

शहराची राजकीय सत्ता ज्या चौकातून चालली तो हा. पालाझ्झो व्हेक्कियो या १२९९ मध्ये आरंभलेल्या किल्लेवजा इमारतीत आजही नगरपालिकेची कार्यालये आहेत. दारापुढील मिकेलांजेलोचा 'दाविद' १९१० मध्ये बसवलेली प्रतिकृती आहे. मूळ पाच मीटरहून उंच पुतळा १५०४ पासून उघड्यावर उभा होता. १५२७ च्या दंगलीत त्याचा डावा हात मोडला. १८७३ मध्ये तो आकादेमियात हलवण्यात आला.

चौकाच्या फरसबंदीत एक गोल शिला जडवलेली आहे. मेदिची घराणे परागंदा असताना शहरावर नैतिक हुकमत गाजवणारा जिरोलामो साव्होनारोला हा संन्यासी याच जागी २३ मे १४९८ रोजी फाशी देऊन जाळण्यात आला. त्याआधी वर्षभरापूर्वी त्याच्या अनुयायांनी याच चौकात आरसे, वाद्ये, वस्त्रालंकार आणि पुस्तकांची होळी केली होती. बाजूच्या खुल्या मंडपात बेन्व्हेनुतो चेल्लिनीचा 'पेर्सेउस' मूळ जागी आहे.

== सान्ता क्रोचे ==

पूर्वेस दहा मिनिटांच्या अंतरावर फ्रान्सिस्कन संघाचे सान्ता क्रोचे चर्च आहे. मिकेलांजेलो, गॅलिलिओ, माकियाव्हेल्ली व संगीतकार रोस्सिनी यांच्या समाध्या येथे आहेत. दान्तेची भव्य समाधी मात्र रिकामी आहे. ज्या शहराने त्याला हद्दपार केले तेथे त्याच्या अस्थी परत आल्या नाहीत. त्या राव्हेन्नातच आहेत. गॅलिलिओचाही मृत्यूनंतर योग्य सन्मान झाला नाही. त्याचे स्मारक १७३७ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर पंचाण्णव वर्षांनी उभे राहिले.

४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नोला आलेल्या महापुराचा सर्वाधिक तडाखा या सखल भागाला बसला. काही ठिकाणी पाणी सहा मीटरांहून वर चढले होते. घरांना उष्णता पुरवणाऱ्या टाक्यांतील तेल त्यात मिसळल्याने गाळ काळा व चिकट झाला. चिमाबुएच्या तेराव्या शतकातील क्रूसचित्राचा बहुतांश रंग धुऊन गेला. राष्ट्रीय ग्रंथालयातील पुस्तके चिखलातून काढण्यासाठी देशोदेशींचे तरुण जमले. शहर त्यांना 'चिखलातले देवदूत' म्हणते. क्रूसचित्र दुरुस्त केले आहे. परंतु गेलेला रंग नव्याने भरून हानी लपवलेली नाही. परिसरातील भिंतींवर डोक्याच्या बऱ्याच वर पाण्याची पातळी दाखवणाऱ्या पाट्या आहेत.

== उफ्फिझी आणि पॉन्ते व्हेक्कियो ==

उफ्फिझी म्हणजे कार्यालये. कोझिमो पहिला याच्या प्रशासनासाठी व्हाझारीने १५६० मध्ये ही इमारत आरंभली. बोत्तिचेल्लीचे 'व्हीनसचा जन्म' येथे आहे. हा संग्रह शहरातच राहिला याचे श्रेय आन्ना मारिया लुईझा या मेदिची घराण्याच्या अखेरच्या वारसदार स्त्रीला जाते. १७३७ मध्ये सत्ता लोरेनच्या घराण्याकडे जाताना तिने करार करून घराण्याच्या कलावस्तू शहराबाहेर नेण्यास कायमची बंदी घातली. इतर अनेक राजघराण्यांचे संग्रह लिलावांत विखुरले गेले, त्या तुलनेत या कराराचे महत्त्व लक्षात येते. २७ मे १९९३ रोजी माफियाने इमारतीमागील गल्लीत घडवलेल्या स्फोटात पाच जण मृत्युमुखी पडले.

पॉन्ते व्हेक्कियो म्हणजे जुना पूल. १३३३ च्या पुरानंतर तो १३४५ मध्ये पुन्हा बांधला गेला. पुलावर पूर्वी खाटकांची दुकाने होती. १५९३ मध्ये फेर्दिनान्दो पहिला याने त्यांना हटवून सोनारांना जागा दिली. दुकानांच्या वरून व्हाझारीने १५६५ मध्ये पाच महिन्यांत बांधलेला बंदिस्त मार्ग जातो, तेव्हा राजाच्या नाकाखाली काय चालावे हाही प्रश्न होताच. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातील इतर सर्व पूल उडवले. हा पूल वाचला. पण त्याची वाट अडवण्यासाठी दोन्ही टोकांची मध्ययुगीन घरे पाडण्यात आली. म्हणून पुलाच्या तोंडाशी असलेल्या इमारती पुलापेक्षा सहाशे वर्षांनी तरुण आहेत.

== नदीपलीकडे ==

पलीकडील तीरावर पित्ती राजवाडा व बोबोली उद्याने आहेत. कार्मिने चर्चमधील ब्रांकाच्ची प्रार्थनागृहात मासाच्चो व मासोलिनो यांची भित्तिचित्रे आहेत. तेथून टेकडी चढली की जुझेप्पे पोज्जीने राजधानीच्या काळात आखलेला मिकेलांजेलो सज्जा लागतो. सूर्यास्ताला येथे गर्दी होते. आणखी थोडे वर १०१८ मध्ये आरंभलेले सान मिनियातो चर्च त्या मानाने शांत असते.

== कोल्हापूरच्या छत्रपतींचे स्मारक ==

मुख्य मार्गापासून दूर, केंद्राच्या पश्चिमेस नदीकाठी पसरलेल्या काशिने उद्यानाच्या अगदी टोकाला मराठी वाचकांच्या दृष्टीने महत्त्वाचे स्थळ आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) १८७० मध्ये युरोपच्या दौऱ्यावर गेले. इंग्लंडमधील मुक्काम आटोपून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्स येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते.

दहन करायचे हा सोबतच्या मंडळींपुढील पेच होता. इटलीत त्या काळी दहनाची प्रथा नव्हती. तेथील पहिले आधुनिक दहन मिलानमध्ये १८७६ साली झाले. नगरपालिकेने खास परवानगी दिली. संगमाची जागा हवी म्हणून मुन्योने हा ओढा आर्नोला जेथे मिळतो ते ठिकाण निवडले गेले आणि तेथे हिंदू विधीने अंत्यसंस्कार झाले. १८७४ मध्ये त्या जागी छत्रीच्या आकाराचे स्मारक उभारले. त्याचा आराखडा चार्ल्स मॅन्ट याचा असून पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यानेच रचला. छत्रीखालील रंगवलेला अर्धपुतळा इंग्रज शिल्पकार फुलर याने घडवला. चौथऱ्यावर चार भाषांतील लेख आहेत. महाराजांची प्रवासातील दैनंदिनी १८७२ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली.

स्मारक शहराच्या केंद्रापासून साधारण पाच किलोमीटरवर आहे. नेहमीच्या पर्यटनमार्गांत त्याचा समावेश नसतो. स्थानिक लोकांना मात्र 'भारतीय' हे स्थळनाम परिचित आहे. १९७० च्या दशकात जवळच आर्नोवर बांधलेल्या झुलत्या तारांच्या पुलालाही 'पॉन्ते आल्लिंदियानो', म्हणजे भारतीयाचा पूल, हेच नाव पडले आहे.