बस आहे, कंपनी नाही

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात, मॉन्ट्रियलपासून तासाभराच्या अंतरावर सें-जेरोम नावाचे शहर आहे. तिथे २००८ मध्ये शाळेच्या बस बनवणारी 'लायन' ही छोटी कंपनी सुरू झाली. आधी तिने डिझेलच्या पिवळ्या बस काढल्या, मग २०१५-१६ च्या सुमारास विजेवरची. मे २०२१ मध्ये ती न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात पोहोचली आणि अमेरिकेतल्या जोलिएट गावी वर्षाला २०,००० गाड्या निघू शकतील असा कारखाना तिने उभारायला घेतला. डिसेंबर २०२४ मध्ये तीच कंपनी घेणेकऱ्यांपासून संरक्षण मागायला न्यायालयात गेली. या घसरणीचा सर्रास काढला जाणारा अर्थ असा, की विजेच्या बसचे खूळ होते, ते उतरले. मला हा अर्थ चुकीचा वाटतो. बुडाले ते तंत्र नव्हे, बुडाली ती खरेदीची पद्धत. सरकारांनी शाळांना बस विकत घ्यायला पैसे दिले, ती चालती ठेवायला दिले नाहीत. आणि शाळेला गरज दुसऱ्या गोष्टीची होती.

विजेवर चालवायला शाळेच्या बसइतके सोयीचे दुसरे अवजड वाहन शोधून सापडणार नाही. तिचा मार्ग ठरलेला असतो, रोजचे अंतर माहीत असते. सकाळी मुलांना सोडले की दुपारपर्यंत ती उभी, रात्री पुन्हा उभी, आणि उन्हाळ्यात तर आठवडेच्या आठवडे उभी. म्हणजे चार्जिंगला वेळच वेळ. उभ्या बसच्या बॅटरीतून ग्रिडला वीज परत देण्याचा प्रयोग मॅसॅच्युसेट्समधल्या बेव्हर्लीत २०२१ च्या उन्हाळ्यात झाला, आणि २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडने आपल्या शाळांच्या ७४ बस त्याच हिशेबाने विजेवर आणल्या. डिझेलच्या धुराची गोष्ट वेगळी सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच तो कर्करोगकारक ठरवला आहे, आणि बसच्या दारापाशी तो सगळ्यात जवळून घेणारी नाके लहान मुलांची असतात. थंडीत बॅटरीचा पल्ला घटतो हे खरे, पण त्याचा अंदाज आधी बांधता येतो. रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला त्या घटीसकट पुरेल एवढी बॅटरी बसवता येते.

अडचण आहे ती किमतीची. डिझेलच्या मोठ्या बसच्या दुप्पट-अडीचपट किमतीची ही गाडी कोणताही शाळा-जिल्हा स्वतःच्या तिजोरीतून घेणार नाही. म्हणून अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात 'क्लीन स्कूल बस' योजनेसाठी पाच वर्षांत ५०० कोटी डॉलर ठेवले. पहिल्या फेरीत एका मोठ्या बसमागे ३,७५,००० डॉलरपर्यंत रक्कम मिळत होती. प्राधान्य गरीब, ग्रामीण आणि आदिवासी भागांतल्या शाळांना होते, आणि बदल्यात सहसा जुनी डिझेल बस मोडीत काढायची होती. हेतू उत्तमच. पण त्याचा परिणाम असा, की सगळ्यात नवे, सगळ्यात कमी पारखलेले यंत्र अशा ठिकाणी गेले जिथे त्याचा मेकॅनिक सगळ्यात दूर होता, आणि आडवेळेला काढायची जुनी गाडीही उरली नव्हती.

छोट्या उत्पादकावर या पैशाचा परिणाम आणखी विचित्र झाला. अनुदान फेऱ्याफेऱ्यांनी येते: अर्ज, सोडत, मंजुरी, मग चार्जर बसेपर्यंत वीज कंपनीची वाट, आणि शेवटी ऑर्डर. मोठी कंपनी मधल्या काळात डिझेल बस विकत राहते. लायनपाशी तो आधार उरला नव्हता. तिने पुढच्या मागणीच्या भरवशावर आजच भिंती बांधल्या, शिवाय विजेच्या ट्रकचा वेगळा पसारा मांडला आणि क्वेबेकमधल्याच मिराबेलला स्वतःचा बॅटरी कारखाना काढला. त्या कारखान्यासाठी कॅनडा आणि क्वेबेक सरकारांनी मिळून १० कोटी कॅनेडियन डॉलरपर्यंत मदत देऊ केली होती. २०२३ हे तिचे भरभराटीचे वर्ष. त्या वर्षी तिने दिलेल्या एकूण गाड्या होत्या ८५२. वीस हजारांच्या शेजारी हा आकडा ठेवला की पुढे काय होणार होते ते दिसते.

लायनचा दुसरा निर्णय मला याहून महागात पडलेला वाटतो, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. अमेरिकेत शाळेच्या बस स्थानिक डीलरमार्फत विकल्या जातात; सुटे भाग, दुरुस्ती, अडल्या वेळेचा फोन, सगळे तिथेच. लायनने डीलर टाळून थेट विक्री केली. नफ्यातला वाटेकरी गेला, पण कंपनी आणि शाळा यांच्यामध्ये उभे राहणारेही कोणी उरले नाही. मेन राज्यात काही शाळांनी बिघाडांमुळे या बस उभ्या करून ठेवल्या. मे २०२५ मध्ये क्वेबेकच्या गुंतवणूकदारांनी कंपनी विकत घेतली, पण फक्त शाळेच्या बसपुरती. क्वेबेकबाहेरच्या गाड्यांची वॉरंटी त्यांनी स्वीकारली नाही. अमेरिकी करदात्याने पैसे भरलेल्या शेकडो बस एका दिवसात बेवारस झाल्या.

मग हा धंदा मोठ्यांवरच सोडावा, असे कोणी म्हणेल. त्याला आधारही आहे. थॉमस बिल्ट या कंपनीच्या विजेच्या बसला बॅटरी पुरवणारी प्रोटेरा ऑगस्ट २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली, तरी बस घेणाऱ्या शाळा उघड्यावर पडल्या नाहीत. थॉमसच्या मागे डाइमलरसारखी मोठी वाहन कंपनी आहे आणि प्रोटेराचा बॅटरी विभाग व्होल्वोने घेतला. मात्र हेही विसरता येत नाही, की या बाजारातल्या तीन बड्या कंपन्या डिझेलवर सुखात होत्या आणि मागणी आहे हे दाखवण्यात लायनसारख्या छोट्या कंपन्यांचा मोठा वाटा होता. लहानांना हाकलले तर पुढचे नवे काही यायला मोठ्यांच्या मर्जीची वाट पाहावी लागेल.

पर्याय पुणेकरांच्या ओळखीचा आहे. तिथली शहर बस चालवणाऱ्या पीएमपीएमएलने २०१९ पासून विजेच्या बस आणल्या त्या विकत घेऊन नव्हे, तर धावलेल्या किलोमीटरमागे ठरावीक दर देऊन. बस बंद, तर ठेकेदाराचे बिल बंद. अमेरिकेत मेरिलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीने २०२१ मध्ये ३२६ शाळा-बससाठी असाच वार्षिक शुल्काचा करार केला. पण करार म्हणजे जादू नव्हे. माँटगोमेरीत बस उशिरा आल्या, आल्या त्या बिघडल्या, आणि ठरलेला दंड शाळा-प्रशासनाने वसूलच केला नाही, असे काउंटीच्या महानिरीक्षकांनी २०२४ मध्ये नोंदवले. आपल्या एसटीचा ५,१५० विजेच्या बसचा करारही वेळापत्रकाच्या फार मागे राहिला. तरी फरक उरतोच. ठेकेदाराने गाडी दिली नाही तर महामंडळाचे किलोमीटरचे पैसे हातात राहतात. मेनमधल्या शाळेच्या हातात लोखंड राहिले.

छोट्या उत्पादकाला किलोमीटरवर पैसे घेणे परवडत नाही, कारण बस बांधायचे भांडवल आधी लागते, हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणून अनुदान सगळे एकदम न देता त्यातला काही भाग आठ-दहा वर्षे राखून ठेवावा आणि बस रस्त्यावर असेल तसा सोडावा. बॅटरीचे सॉफ्टवेअर आणि सुट्या भागांचे आराखडे तिसऱ्याकडे ठेव म्हणून असावेत, म्हणजे कंपनी गेली तरी दुसरा मेकॅनिक बॉनेट उघडू शकेल. बस चालत्या ठेवण्याचा प्रश्न क्वेबेकमध्येही सुटलेला नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये मॉन्ट्रियलमध्ये लायनच्या एका बसला आग लागली आणि तपासणीसाठी प्रांताने कंपनीच्या सुमारे १,२०० बस रस्त्यावरून काढल्या. मुलांना शाळेत कसे पोचवायचे हा प्रश्न त्याच आठवड्यात पालकांपुढे आला. अनुदानाला वर सांगितलेल्या अटी घातल्या तर बस आणखी महाग होईल आणि तेवढ्याच पैशांत कमी बस येतील. त्या कमी आलेल्या चालतील.