सूरजागडच्या मातीत मादागास्करची सदाफुली

सूरजागडचा डोंगर लोहखनिजाचा. गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातला हा मुलूख म्हणजे लाल माती, करपवणारा उन्हाळा आणि धो धो पावसाळा. समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही मादागास्करच्या वाळूतली, खाऱ्या वाऱ्याला सरावलेली सदाफुली इथल्या अंगणात खुशाल बारा महिने फुलू शकते!

वाळूत पाणी थांबत नाही, हे ध्यानात ठेवलं की तिची निगा जमली. सदाफुली तहानेनं क्वचित मरते, पाण्यानं हमखास मरते. गडचिरोलीच्या आषाढ-श्रावणात मुळाशी पाणी तुंबलं तर बुरशी लागते आणि टवटवीत झुडूप बघता बघता मान टाकतं. म्हणून जागा उंचवट्याची, उन्हाची निवडावी, मातीत रेती मिसळावी. शेणखत बेतानं घालावं, नाहीतर पानंच माजतात. बी मातीनं झाकावं. ते अंधारात चांगलं रुजतं. शेंडे खुडले की फुटवे येतात. भर दुपारी पानं वळलेली दिसली तर लगेच झारी घेऊन धावू नये. ऊन उतरलं की ती सरळ होतात.

शेळ्या या झुडपाला सहसा तोंड लावत नाहीत. पानं कडू असतात, कारण त्यांत अल्कलॉइड नावाची रसायनं भरलेली आहेत, शंभराहून जास्त प्रकारची. त्यातलं कॅथरॅन्थिन पानाच्या वरच्या मेणाच्या थरात असतं, तर विंडोलिन आतल्या पेशींत. या दोघांच्या जोडणीतून विनब्लास्टिन हे कर्करोगावरचं औषध बनतं. पण झाड त्यांना एकमेकांपासून वेगळं ठेवतं, त्यामुळे पानात ते नावापुरतंच सापडतं. केवढी ही आतली व्यवस्था!

1950च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर जमैकाहून आलेली सदाफुलीची पानं तपासत होते. जमैकात लोक मधुमेहावर त्यांचा काढा घेत. उंदरांना अर्क टोचला, तर साखर उतरली नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्यातून विनब्लास्टिन हाती आलं. पाठोपाठ याच झुडपातून आलेलं व्हिन्क्रिस्टिन 1963 साली अमेरिकेत मंजूर झालं. पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणारे सूक्ष्म धागे ही औषधं बनूच देत नाहीत, म्हणून कर्करोगाच्या पेशींची वाढ खुंटते. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टिन आजही वापरतात.

सदाफुली जरूर लावा. पण साखर उतरावी म्हणून तिची पानं चावू नका, काढाही घेऊ नका. हे झुडूप विषारी आहे.