बुरशीकडून शिकलेले स्निग्धशास्त्र
1995 साली अवकाळी पावसाने दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत ज्वारी आणि मका भिजला. बुरशी धरलेले तेच धान्य खाण्यात आले आणि माणसे पोटदुखीने, जुलाबांनी हैराण झाली. धान्य तपासले तेव्हा त्यात फ्युमोनिसिन नावाचे विष सापडले. हे विष मक्यातून घोड्यांच्या पोटात गेले तर त्यांचा मेंदू नासतो. डुकरांच्या फुप्फुसांत पाणी भरते.

एकच विष इतक्या निरनिराळ्या अवयवांना भिडते, कारण ते सेरामाइड तयार करणारे विकरच अडवते. सेरामाइड लागत नाही अशी पेशी आपल्या शरीरात सापडणे कठीण.

सेरामाइड हा स्फिंगोलिपिड कुळातला मधला दुवा. तेला-तुपातल्या चरबीचा कणा ग्लिसरॉलचा असतो. या कुळाचा कणा सेरीन हे अमिनो आम्ल आणि पामिटिक हे मेदाम्ल जोडून बनतो. लंडनमध्ये मेंदूचे रसायन धुंडाळणाऱ्या थुडिकुम या डॉक्टरांनी 1884 मध्ये या कुळाची ओळख करून दिली. पुढे कित्येक दशके हे रेणू म्हणजे पेशीच्या पडद्याचा नुसता मालमसाला, अशीच समजूत होती. ती अगदीच खोटी नव्हती. मज्जातंतूंवरचे मायलिनचे वेष्टन आणि त्वचेतले पाणी उडू न देणारा थर या रेणूंवाचून उभा राहत नाही. पण सेरामाइड साचले की पेशी वाढ थांबवते, कधी मरणही पत्करते. त्यातूनच निघालेल्या स्फिंगोसिनला फॉस्फेट जोडले की एस-वन-पी तयार होतो, आणि तो नेमका उलटा निरोप देतो: तगा, वाढा, हला.

यातले बरेचसे उलगडले ते पावाच्या यीस्टमध्ये. यीस्ट हीदेखील बुरशीच. सेरीन आणि पामिटिक आम्ल जोडण्याची पहिली पायरी तिची आणि आपली एकच, पुढे वाटा फुटतात. सेरामाइडला आपण फॉस्फोकोलीन किंवा साखर जोडतो, यीस्ट इनॉसिटॉल फॉस्फेट जोडते. ते जोडणारे विकर माणसात नाहीच. म्हणून त्यालाच अडवणारे ऑरिओबॅसिडिन यीस्टला मारते. नव्या बुरशीनाशकांच्या शोधात असलेल्यांचा डोळा अर्थातच तिथे आहे.

साम्यही तितकेच उपयोगी पडले. लहान मुलांच्या दम्याशी ‘ओआरएमडीएल-3’ या जनुकाचा संबंध 2007 मध्ये दिसला, पण ते करते काय, हे ठाऊक नव्हते. उत्तर 2010 मध्ये यीस्टने दिले. तिथली ‘ओआरएम’ प्रथिने पहिल्या पायरीच्या विकराला लगाम घालतात आणि स्फिंगोलिपिड कमी पडले की तो सैल होतो. माणसातले त्यांचे भाऊबंदही तेच काम करतात. यावरून दम्याचे कोडे सुटले असे मात्र नाही; शेजारच्या एका जनुकावरही तितकाच संशय आहे.

मायरिओसिन हे आणखी एक बुरशीचे द्रव्य पहिलीच पायरी रोखते. कीटकांवर वाढणाऱ्या एका बुरशीत ते सापडले. जपानी रसायनशास्त्रज्ञांनी त्याची रचना बदलत बदलत फिंगोलिमोड हे औषध घडवले. गंमत अशी, की नव्या रेणूला त्या पहिल्या विकराशी कर्तव्यच उरले नाही. शरीरात फॉस्फेट जोडले गेले की तो एस-वन-पीचे सोंग घेतो, आणि लसिका ग्रंथींतल्या लिम्फोसाइट पेशींना बाहेरची वाट मिळत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मायलिनवर तुटून पडणाऱ्या पेशी अशा अडकून राहतात. अमेरिकेत 2010 मध्ये या औषधाला मान्यता मिळाली. एस-वन-पीचे ग्राही हृदयातही असल्याने पहिल्या गोळीनंतर ठोके मंदावू शकतात. म्हणून रुग्णाला सहा तास देखरेखीखाली ठेवतात.