न्यू-ऑलेसुनचे बाष्प एंजिन

नॉर्वेच्या स्वालबार द्वीपसमूहातील कोळसा-वाहतुकीचे जुने एंजिन. स्पिट्सबर्गेन बेटावर सु. 79° उ. अक्षांशावरील न्यू-ऑलेसुन या पूर्वीच्या खाणवस्तीत ते लहान डब्यांसह रुळांवर मांडून ठेवले आहे. बर्लिनच्या बोर्सिख कारखान्यात ते 1909 मध्ये तयार झाले. येथील अरुंदमापी लोहमार्ग 1917 मध्ये सुरू झाला. खाणीतील कोळसा त्यावरून धक्क्यापर्यंत नेला जाई. हिवाळ्यात जहाजे येत नसत. त्यामुळे साठलेला माल उन्हाळ्याच्या अल्प अवधीतच हलवावा लागे. हा मार्ग 1958 मध्ये बंद पडला.

या खाणींचा इतिहास मात्र अपघातांनी भरलेला आहे. 5 नोव्हेंबर 1962 रोजीच्या स्फोटात 21 कामगार मृत्युमुखी पडले. खाण सरकारी मालकीची असल्याने प्रकरण संसदेत गाजले आणि ऑगस्ट 1963 मध्ये आयनार गेर्हार्डसेन यांचे मंत्रिमंडळ कोसळले. इतक्या दूरच्या वस्तीमुळे सरकार जावे, हे विरळाच. त्याच वर्षी खाणकाम थांबले व कामगारांची कुटुंबे निघून गेली. पुढे ओसाड घरांत ध्रुवीय संशोधकांची वस्ती झाली. 2008 मध्ये सुरू झालेले भारताचे ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र याच गावात आहे.